परसबागेचे वार्तापत्र आणि वाचकाचा अभिप्राय : एका रूढ समजाचा प्रतिवाद

परसबागेविषयी नियमित निघणारी वार्तापत्रे कृषी विस्ताराच्या यंत्रणेने काढलेली असोत, एखाद्या स्वयंसेवी संस्थेने काढलेली असोत किंवा मासिकाची पुरवणी म्हणून निघत असोत, त्यांच्या वाचकांविषयी एक समज इतका रूढ झाला आहे की तो तपासून पाहण्याची गरजही सहसा कोणाला वाटत नाही. अंक आवडला काय, माहिती उपयुक्त वाटली काय आणि पुढे कोणते विषय हवेत, असे तीन-चार प्रश्न छापून वर्षअखेरीस त्यांची उत्तरे मोजली की वाचकांचा अभिप्राय गोळा झाला, असा तो समज आहे. त्याच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद पुढे केले जातात. पसंतीचे आकडे मोजता येतात, म्हणून तेच वस्तुनिष्ठ, असा पहिला; लागवडीचे तंत्र सांगण्याचा अधिकार तज्ज्ञाचा असल्यामुळे वाचकाला समाधानापलीकडे काही विचारण्यात अर्थ नाही, असा दुसरा; आणि वाचक मुळात लिहीतच नाहीत, तेव्हा जे चार शब्द येतात त्यांवर भागवावे, असा तिसरा. हे तिन्ही युक्तिवाद टिकणारे नाहीत, आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या पद्धतीचा तोटा वार्तापत्रापेक्षा त्याच्या सल्ल्यावर विसंबून बी टोकणाऱ्या घराला अधिक सोसावा लागतो.

परसबागेचे वार्तापत्र हे सल्ल्याचे माध्यम आहे, ही साधी गोष्ट या चर्चेत वारंवार नजरेआड होते. कथेची कसोटी वाचकाच्या मनात लागते आणि वाचून संपताच तो आपले मत सांगू शकतो; सल्ल्याची कसोटी मात्र वाफ्यात लागते, आणि तीही वाचल्यानंतर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी किंवा थेट पुढच्या हंगामात. म्हणून अशा वार्तापत्राच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे पसंती, अर्थात वाचताना झालेले समाधान; दुसरी म्हणजे परिणामाची माहिती, अर्थात सल्ला अमलात आणला की नाही, नसल्यास कशामुळे अडले, आणला असल्यास कोणत्या जमिनीत, कोणत्या पाण्यावर, कोणत्या महिन्यात काय घडले याचा वृत्तान्त. रूढ प्रश्नावली पहिली गोष्ट विचारते आणि दुसरी मिळाल्याचे गृहीत धरते. संपूर्ण चूक या एका गृहीतात साठलेली आहे.

ही चूक किती महाग पडते हे समजण्यासाठी एखादा प्रत्यक्ष प्रदेश डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे डोंगरी किल्ल्याचे, महाशिवरात्रीच्या यात्रेचे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्याचे गाव म्हणून सर्वदूर ओळखले जाते. पण यात्रेचे दिवस सोडले तर ते पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील इतर गावांसारखेच धानाच्या शेतीवर आणि जंगलावर जगणारे गाव आहे. या पट्ट्यात घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला सांदवाडी म्हणतात. पावसाळ्यात तिच्या मांडवावर दोडका, कारली, लवकी आणि वाल चढतात, कडेला बरबटी आणि भेंडी असते, न्हाणीच्या पाण्यावर धोपा (अळू) वाढतो, कोपऱ्यात मुंगन्याचे (शेवग्याचे) झाड असते, आणि धान निघाल्यावर त्याच जागेत सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक, वांगी आणि टमाटर येतात. जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी अशा नावांनी शेतकरी जमिनीचे प्रकार ओळखतात. कन्हार ही पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन, तर खरडी ही हलकी आणि लवकर सुकणारी. एकाच गावात दोन घरांच्या सांदवाड्यांत या दोन टोकांच्या जमिनी असू शकतात. शिवाय परिसर नवेगाव-नागझिराच्या जंगलपट्ट्यातला असल्यामुळे माकडांचा आणि रानडुकरांचा उपद्रव हा येथील भाजीपाल्याच्या हिशेबातला कायमचा खर्च आहे.

आता या जागेवर एक सर्वसाधारण सल्ला ठेवून पाहावा. माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळून कुंडी भरावी, हे वाक्य मराठीतील बागकामविषयक लेखनात सतत आढळते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्यातून निघणारा भुसा. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून शहरातल्या गच्चीवर, जिथे कुंडी दोन दिवसांत कोरडी पडते, तिथे तो योग्यच आहे. कन्हार जमिनीच्या सांदवाडीत जुलैचा प्रश्न नेमका उलटा असतो. तिथे पाणी टिकवायचे नसून बाहेर काढायचे असते, आणि जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा केला नाही तर मिरचीची रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. या वाचकाला सल्ला आवडला काय असे विचारले, तर तो आवडला असे सांगेल, कारण मजकूर सुबोध आहे, चित्रे स्पष्ट आहेत आणि सांगणारा आपुलकीने सांगत आहे. त्या होकारातून वार्तापत्राला आपल्या मजकुराच्या भाषेविषयी थोडे कळेल. मिरची का मेली याविषयी काहीच कळणार नाही.

फळमाशीचे उदाहरण याहून बोलके आहे. दोडका, कारले, काकडी यांच्या कोवळ्या फळात ही माशी अंडी घालते, आतल्या अळ्यांमुळे फळ वाकडे होते, पिवळे पडते आणि गळून जाते. त्यावर गंध-सापळा लावावा असे वार्तापत्रे सांगतात. गंध-सापळा म्हणजे नर माशीला आकर्षित करणारे रसायन कापसाच्या बोळ्यावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवलेली बाटली. परंतु आंबा आणि पेरूवरील फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉल हे रसायन लागते, तर वेलवर्गीय भाज्यांवरील माशीसाठी क्यू-ल्युअर. दोन्हींची अदलाबदल केली तर सापळा रिकामाच राहतो. वार्तापत्राने केवळ फळमाशीचा सापळा असे लिहिले असेल आणि वाचकाने दुकानात मिळालेला पहिला सापळा आणला असेल, तर एक वाक्य अपुरे राहिल्यामुळे पैसे आणि हंगाम दोन्ही वाया जातात. ही उणीव संपादकाच्या टेबलावरून दिसत नाही. सापळ्यात माश्या सापडल्या काय, हा एकच प्रश्न विचारला असता तर ती पंधरा दिवसांत उघड झाली असती, आणि पुढच्या अंकातील दोन ओळींनी कित्येक मांडव वाचले असते. माहिती उपयुक्त वाटली काय, या प्रश्नाने ती कधीच उघड होणार नाही, कारण सापळा विकत घेण्याइतपत माहिती उपयुक्त वाटलेली होतीच.

वस्तुनिष्ठतेचा पहिला युक्तिवाद या ठिकाणी अधिक नेटाने मांडला जातो. एकेका वाचकाचा वृत्तान्त ही केवळ गोष्ट असते, हजार उत्तरांची बेरीज हे मात्र प्रमाण असते, असे त्याचे म्हणणे. बेरजेवरील हा विश्वास किती पोकळ ठरू शकतो हे वाचकांना मत विचारणाऱ्या एका नियतकालिकानेच दाखवून दिलेले आहे. १९३६ साली अमेरिकेतील लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या आणि त्यांपैकी २० लाखांहून अधिक भरून परत आल्या; एवढा मोठा नमुना त्यापूर्वी क्वचितच कोणी जमवला असेल. त्यावरून साप्ताहिकाने लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते दूरध्वनीच्या आणि मोटारींच्या नोंदींवरून घेतल्यामुळे सुस्थितीतील लोकच जास्त विचारले गेले, हे अपयशाचे एक कारण. आणि विचारलेल्यांपैकी ज्यांनी उत्तर देण्याची तसदी घेतली त्यांचा कल न देणाऱ्यांपेक्षा निराळा होता, हे दुसरे. या दुसऱ्या कारणाला संख्याशास्त्रात अप्रतिसादाचा दोष म्हणतात: उत्तर न देणारे हे उत्तर देणाऱ्यांसारखेच असतील असे मानल्यामुळे येणारी चूक. उत्तरांची संख्या वाढवून हा दोष जात नाही, कारण चूक संख्येत नसून निवडीत असते.

परसबागेच्या बाबतीत हा दोष एका ठराविक दिशेने काम करतो. ज्याची वांगी लागली तो कौतुकाने लिहितो. ज्याची रोपे जळाली तो बागकामापासून आणि वार्तापत्रापासून एकदमच दूर होतो, आणि पुष्कळदा अपयशाचा दोष सल्ल्यावर न ठेवता स्वतःच्या हातावर ठेवतो. ज्या वाचकाकडून सर्वांत अधिक शिकण्यासारखे असते, नेमका तोच या मोजणीतून गळतो. त्यात सौजन्याचा दोष मिसळतो. विचारणारा शिकलेला, बाहेरगावचा, सरकारी किंवा संस्थेचा माणूस असेल तर त्याला बरे वाटेल असे उत्तर देणे ही ग्रामीण महाराष्ट्रातली रीत आहे. पाहुण्याने केलेल्या कामाला नावे ठेवणे तिथे अशिष्ट मानले जाते, आणि ही शालीनता दोषास्पद नाही. तिचा फायदा घेऊन आपल्या पत्रकाला ऐंशी-नव्वद टक्के पसंती मिळाल्याचे अहवालात लिहिणे मात्र दोषास्पद आहे. आणि त्या टक्केवारीत कन्हार जमीन आणि खरडी जमीन, विहिरीचे पाणी आणि दुरून डोक्यावर आणलेले पाणी, कुंपण असलेली वाडी आणि माकडांना मोकळी वाडी ही सगळी एकाच सरासरीत विरघळून जातात, म्हणजे ज्या फरकांवर बागकाम उभे असते तेच फरक पुसले जातात.

दुसरा युक्तिवाद तज्ज्ञतेचा आहे, आणि तो अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. एका घरी राख टाकल्यावर मावा गेला, म्हणून राखेने मावा जातो असे छापणे चूकच आहे. त्याच आठवड्यात जोराचा पाऊस पडून मावा धुऊन गेला असेल, किंवा ढालकिड्यांनी तो खाल्ला असेल. कृषी विद्यापीठांतील प्रयोगांत तोच उपाय अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा करून, उपाय न केलेल्या वाफ्यांशी तुलना करून मगच शिफारस केली जाते, आणि त्या शिस्तीला पर्याय नाही. परंतु या शिस्तीची कक्षा ओळखली पाहिजे. प्रयोगक्षेत्रावरील वाफा उघड्या उन्हात, एका पिकाखाली, ठरावीक अंतरावर आणि ठरावीक पाण्यावर असतो. सांदवाडी अर्धी मुंगन्याच्या सावलीत असते, तिच्यात आठ-दहा पिके एकमेकांत गुंतलेली असतात, कोंबड्या वाफा उकरतात आणि न्हाणीच्या पाण्यात साबण असतो. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, ही शिफारस शास्त्रशुद्ध आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये फवारणीनंतर लगेच येणाऱ्या सरीने ती पानांवरून निघून जात असेल, तर झाडीपट्टीत ती केव्हा आणि किती वेळा करावी लागते, हे तिथल्या वाचकांखेरीज कोण सांगणार? तज्ज्ञ शिफारशीचा अधिकारी आहे. शिफारस जिथे जाऊन पोचते त्या परिस्थितीचा अधिकारी मात्र वाचक आहे, आणि पहिला अधिकार मान्य केल्याने दुसरा रद्द होत नाही.

त्यातही पूर्व विदर्भातल्या वाचकाला अज्ञ समजणे हे या प्रदेशाच्या इतिहासाकडे पाठ फिरविण्यासारखे आहे. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यातील हजारो तलाव, ज्यांना पुढे मालगुजारी तलाव हे नाव पडले, ते अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसलेल्या लोकांनी जमिनीचा उतार आणि पाण्याची वाट ओळखून बांधले. त्यांत कोहळी समाजाचे काम विशेष मानले जाते आणि नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. त्याच नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी पक्षी, मासे आणि वनस्पती यांविषयीचे कितीतरी ज्ञान स्थानिक लोकांना विचारून मिळवले आणि माधवराव पाटलांसारख्या जाणकाराचे ऋण आपल्या लेखनात नावानिशी मान्य केले. चितमपल्लींच्या लेखनाला जे वजन आहे त्याचा मोठा भाग या विचारण्यातून आला आहे, हे त्यांच्या वाचकांना वेगळे सांगावे लागत नाही.

याच विभागातील दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण तर वादाच्या मुळाशी जाणारे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी जपून ठेवले, वर्षानुवर्षे निवडून वाढवले, आणि त्यातून निघालेले बारीक तांदळाचे वाण पुढे घड्याळाच्या छापावरून एचएमटी या नावाने बाजारात पसरले. १९९४ साली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून अभ्यासासाठी बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित झाले. विद्यापीठाने मूळ वाणात शुद्धीकरण केल्याचे सांगितले, तर आपल्याला पुरेसे श्रेय मिळाले नाही ही खंत दादाजींनी अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने पुढे त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. श्रेयाच्या वादात कोणाची बाजू किती, हा येथे प्रश्न नाही. जो वाचकवर्ग केवळ सल्ला घेणारा म्हणून गृहीत धरला जातो, त्याच वर्गातला माणूस लाखो ताटांतला तांदूळ बदलून जातो, आणि त्याने काय पाहिले हे नियमितपणे विचारणारी, नोंदणारी, नावासह छापणारी व्यवस्था मात्र नसते. द्राक्षांच्या बाबतीत तासगाव भागात हे काही प्रमाणात घडले: गणिताचे शिक्षक असलेल्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने बागायतदारांना आपापले प्रयोग एकमेकांना कळवायला शिकवले, आणि प्रत्येक बाग ही एक नोंद ठेवणारी प्रयोगशाळा मानली. एका घरचा अनुभव पुरावा नसतो, हे मान्यच. पण वेगवेगळ्या जमिनींवरच्या चाळीस घरांनी एकच प्रश्न मनात ठेवून पाहिले आणि नोंदले, तर तो पुराव्याच्या वाटेवरचा मजकूर असतो आणि तज्ज्ञाने पुढे काय तपासावे हे तोच सांगतो.

उरतो तिसरा युक्तिवाद, म्हणजे वाचक उत्तरे देत नाहीत. तो सर्वांत जास्त वापरला जातो आणि महाराष्ट्राच्या इतिहासाने तो सर्वांत स्पष्टपणे खोटा ठरवलेला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ होते. ते आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकत, त्यावर चर्चा करत, आणि मंडळाचा चिटणीस चर्चेचा अहवाल व अनुत्तरित राहिलेले प्रश्न केंद्राकडे धाडत असे, ज्यांची दखल पुढच्या प्रसारणात घेतली जाई. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले आणि त्यावरचा जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूरथ यांचा ग्रंथ युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. या मूल्यमापनाची रचना महत्त्वाची आहे, कारण मंडळे असलेल्या गावांची तुलना केवळ रेडिओ असलेल्या पण मंडळ नसलेल्या गावांशी आणि रेडिओच नसलेल्या गावांशी केली गेली. मंडळे असलेल्या गावांत विषयांचे ज्ञान ठळकपणे वाढलेले आढळले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ फारच तोकडी होती. ज्या गावांत साक्षरता कमी होती आणि टपालाची सोय बेताची होती त्या गावांनी नियमित उत्तरे पाठवली, याचे कारण ती माणसे विशेष उत्साही होती असे नाही. त्यांना एकत्र बसून विचार करायला वेळ दिला गेला, प्रश्न ताज्या विषयावर विचारला गेला, आणि आपले बोलणे पुढच्या वेळी ऐकू येते हा अनुभव त्यांना मिळाला.

झाडीपट्टीपर्यंत तो प्रयोग त्या वर्षी पोचणे शक्य नव्हते, कारण तेव्हाचा भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. पुढे १९५९ पासून श्रोतामंडळांची कल्पना देशभर नेण्यात आली, ती वाढली आणि कालांतराने ओसरली. ओसरलेली गोष्ट अशक्य होती असे मात्र म्हणता येत नाही. मराठी नियतकालिकांची सुरुवातीची परंपराही याच बाजूने साक्ष देते: लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या प्रभाकर साप्ताहिकात छापली गेली ती पत्रांच्या रूपाने, आणि मराठी वैचारिक गद्याचा एक पायाच त्यांतून घातला गेला. उत्तर छापले जाईल याची खात्री असेल तर मराठी माणूस लिहितो. ते कपाटात जाणार असेल तर लिहीत नाही, आणि हे न लिहिणे समंजसपणाचे आहे.

उत्तर परत देण्याची ही जबाबदारी किती काटेकोर असू शकते हे अहमदाबादहून १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या हनी बी या वार्तापत्राने दाखवले. अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून गोळा केलेले प्रयोग नावानिशी छापायचे आणि ते त्यांच्याच भाषेत त्यांच्याकडे परत न्यायचे हा नियम केला. त्यासाठी गुजरातीत लोकसरवाणी निघाले. माहिती देणाऱ्याला ती छापलेल्या रूपात वाचता आली नाही तर ते देणे एकतर्फी ठरते, ही त्यामागची भूमिका. परसबागेच्या वार्तापत्रांना हा नियम जसाच्या तसा लागू करता येतो, आणि कुठलीही मोठी यंत्रणा न उभारता.

प्रतापगडसारख्या गावात त्यासाठी लागणारे मंडळ आधीच अस्तित्वात आहे. बायकांचे बचत गट चालवणाऱ्या उमेद अभियानाच्या पंचसूत्रीत स्वयंसहाय्यता गटाची साप्ताहिक बैठक हे पहिले सूत्र आहे. म्हणजे दहा-वीस बायका दर आठवड्याला एका जागी बसतात, त्यांच्यातली एक नोंदी लिहिते, आणि सांदवाडीचे बहुतेक काम त्यांच्याच हातचे असते. १९५६ च्या श्रोतामंडळाचा आकार आणि चिटणीस दोन्ही येथे तयार आहेत. पोषण परसबागेच्या मोहिमाही याच गटांमार्फत चालतात. परंतु अशा मोहिमांचे यश मुख्यतः किती बागा लावल्या या आकड्यात सांगितले जाते, आणि लावलेल्या बागेतून सप्टेंबरात काय उरले हे विचारण्याची जागा त्या आकड्यात नसते. वार्तापत्राने गटाच्या बैठकीसाठी दर अंकाला एकच प्रश्न पाठवावा, तोही मागच्या अंकातील एका विशिष्ट सल्ल्याविषयी. वाफा किती उंच केला आणि पाणी किती वेळ साचले? सापळ्यात माशी आली काय? भेंडीची पाने हळद्याने पिवळी पडली ती किती दिवसांच्या झाडावर? बी घरचे होते की विकतचे? आणि जिने सल्ला वाचूनही तो पाळला नाही तिला कशाने अडवले? हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये, कारण अपयशी आणि अलिप्त वाचकांना परत बोलते करणारा तोच आहे. उत्तर तोंडी घ्यावे आणि एकीने लिहून काढावे. जमिनीचे आणि भाज्यांचे नाव बोलणारीने वापरले तेच ठेवावे. नाव छापण्यास तिची संमती विचारावी, आणि संमती असेल तर ते नाव पूर्ण छापावे, एका महिला वाचकाने कळवले अशा अनामिक शब्दांत झाकू नये.

खर्चाचा आक्षेप येथे फारसा टिकत नाही, कारण वर्षअखेरीच्या लांबलचक प्रश्नावलीला छपाई, वाटप, गोळा करणे आणि बेरजा मांडणे यांत जेवढे श्रम लागतात त्यांहून हे कमी आहेत. वेळेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. जूनमध्ये टोकलेल्या दोडक्याविषयी मार्चमध्ये विचारले तर उत्तर आठवणीतून येते, आणि आठवण शेवटचे तोडे लक्षात ठेवते, सुरुवातीची मर विसरते. म्हणून प्रश्न पिकाच्या अवस्थेला बांधलेला असला पाहिजे.

एक आक्षेप क्वचितच उघडपणे बोलला जातो, पण अनेक संपादकांच्या मनात तोच प्रबळ असतो: आपल्याच सल्ल्याच्या चुका छापल्या तर वाचकांचा विश्वास उडेल. वस्तुस्थिती अशी आहे की चूक वाचकाला आधीच माहीत असते, कारण त्याची झाडे मेलेली असतात. ती संपादकाला माहीत आहे की नाही एवढेच त्याला माहीत नसते. ज्या सल्ल्याला एखाद्या जमिनीत अपयश आले त्याची दुरुस्ती, ती कोणत्या गावातून आणि कोणत्या जमिनीवरून आली हे सांगून, मूळ सल्ला ज्या पानावर होता त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापली गेली पाहिजे. तज्ज्ञाचे मत वेगळे असेल तर तेही त्याच्या शेजारी. झाडीपट्टीत वेलांचे बी मृगाच्या पावसावर टोकले जाते, त्यामुळे गेल्या पावसाळ्यात मांडवांवर जे घडले त्याच्या दुरुस्त्या मे महिन्याच्या अंकात आल्या नाहीत, तर त्या घराघरांत पोचायला आणखी एक पूर्ण वर्ष जाते.